पीएनजी नको, पीडीएफ काढ

प्रिय सुहास,

पोस्टर मिळालं. वर्तुळांची गुंफण झकास जमली आहे, पण कडा पार फिसकटल्यात, आणि त्यात छापखान्याचा काही दोष नाही. ८०० पिक्सेलची पीएनजी (म्हणजे ठिपक्यांची चित्रफाइल) ए३ कागदावर ताणल्यावर दुसरं काय होणार?

तू ज्यात कोड लिहून चित्रं काढतोस त्या प्रोसेसिंगसोबत पीडीएफची लायब्ररी येतेच, ती स्केचच्या (म्हणजे तुझ्या प्रोग्रामच्या) वर इम्पोर्ट कर. 'बिगिनरेकॉर्ड' म्हटलंस की ती चित्राचा फोटो काढत नाही, पंचनामा लिहायला बसते: इथून तिथवर रेघ, इथे वर्तुळ, रंग अमुक. 'एंडरेकॉर्ड' आलं की सही-शिक्का. म्हणून चित्र कितीही मोठं केलं तरी रेघ धारदारच राहते. पण आधी घडलेलं त्यात येत नाही. पार्श्वभूमी रंगवणारं 'बॅकग्राउंड' 'बिगिनरेकॉर्ड'च्या आधी लिहिलंस तर पार्श्वभूमी गायब. रेघेची जाडी, कलरमोड (रंग मोजायची पद्धत) हेही रेकॉर्ड सुरू झाल्यावर पुन्हा सांगायचं. तुझा लाडका, चित्र धूसर करणारा ब्लर फिल्टर मात्र विसर. पिक्सेलवरची करामत पीडीएफमध्ये उतरत नाही. (मला तो तसाही आवडला नव्हता.)

तुझ्या स्केचची खरी गोम वेगळीच आहे. तू पडदा पुसतच नाहीस, थरावर थर साचू देतोस. दर फ्रेमला पुन्हा चालणाऱ्या ड्रॉच्या आत एका फ्रेमपुरतं रेकॉर्ड केलंस तर त्या फ्रेमचीच वर्तुळं मिळतील. तेव्हा रेकॉर्ड सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या सेटअपमध्ये सुरू कर आणि चित्र मनासारखं झालं की कळ दाबून थांबव. तिथे रेंगाळू मात्र नकोस. खाली गाडलं गेलेलं, कुणाला न दिसणारं वर्तुळही फाइलमध्ये असतंच. सेकंदाला ६० फ्रेम आणि प्रत्येकीत २०० वर्तुळं धरली, तर एका मिनिटात ७,२०,००० होतात. छापखान्यातला संगणक मान टाकेल.

ए३ पडद्यावर मावत नाही, म्हणून त्या मापाला रेकॉर्डऐवजी चित्राचं माप सांगणाऱ्या 'साइझ'मध्येच पीडीएफ आणि फाइलचं नाव दे. खिडकी उघडणार नाही, थेट फाइल तयार होईल. इथे एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट, इंचाचा ७२वा भाग. ए३ला ८४२ बाय ११९१. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलंस तर ८५९ बाय १२०८. हव्या तेवढ्या फ्रेम झाल्या की 'एक्झिट' हवंच, नाहीतर फाइल अर्धवट राहते आणि उघडत नाही. आणि यादृच्छिक आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून 'रँडमसीड' ठरवून टाक, नाहीतर पडद्यावर आवडलं एक आणि कागदावर आलं भलतंच.

रंग आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात) येतील, छपाई सीएमवायकेत (चार शायांत). तो झगझगीत हिरवा कागदावर मंदावणारच, आधी एक प्रूफ (नमुना छपाई) काढून घे.

फाइल झाली की इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्राममध्ये उघड. वर्तुळं सुटी सुटी निवडता आली तर छापायला दे. एकच अखंड चौकट हाती लागली तर आत पुन्हा पीएनजीच गेली समज, मग मला स्केच पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार