लम्पीची लस टोचली, पण लागली का?

मा. संपादक,

लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची लस दिलेल्या गोठ्यातही जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या की ‘लसच बोगस’ असा गवगवा होतो. दोष देण्याआधी ती टोचली कशी, हे पाहायला हवे. २०२२च्या साथीत राज्यात वापरलेली गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवी रोगाची) लस जिवंत विषाणूची आहे. ती २ ते ८ अंशांतच टिकते, आणि द्रावण मिसळल्यावर तर काही तासांतच संपवावी लागते. बर्फाच्या डब्याबाहेर, उन्हात मोटारसायकलच्या सीटवर ठेवलेली कुपी म्हणजे नुसते पाणी!

मानेची सैल कातडी चिमटीत उचलून सुई आडवी घालायची; १ मिलि, कातडीखाली, मांसात नव्हे. अख्ख्या वाडीला एकच सुई फिरवली तर आपणच रोग वाटत सुटतो. ताप असलेल्या किंवा गाठी आलेल्या जनावराला टोचू नये. टोचल्यावर संरक्षण यायला सुमारे ३ आठवडे लागतात. दरम्यान बाजारचे नवे जनावर दावणीला आणू नका. आणलेच, तर २८ दिवस वेगळे बांधा.

गोचीड, गोमाशा आणि डास रोग पसरवतात, म्हणून शेण-मूत्र तुंबू देऊ नये. गळून पडलेल्या खपल्या उकिरड्यावर न टाकता जाळाव्यात. वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभर तग धरतो.

शासनाने निदान प्रत्येक जनावरामागे एक सुई आणि प्रत्येक पथकाला पुरेसा बर्फ द्यावा. हा खर्च बैल गमावण्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

— एक पशुपालक, जि. अहिल्यानगर