सोने-टंगस्टन शोधताना बिस्मथही पाहा: केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात भूविज्ञान शिकवतो. आपल्या मंत्रालयाने जून २०२३ मध्ये ३० क्रिटिकल मिनरल्सची (देशासाठी अत्यावश्यक खनिजांची) यादी जाहीर केली. तीत बिस्मथ आणि टेल्युरियम ही दोन्ही नावे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर नियंत्रण आणलेल्या पाच धातूंतही ही जोडी आहे. हे दोन्ही धातू एकत्र असलेले एक दुर्मीळ खनिज म्हणजे टेट्राडायमाइट. आमच्या भागातल्या खडकांत त्याचा नीट तपास व्हावा, म्हणून हे पत्र.

वजनाने सुमारे ५९ टक्के बिस्मथ, ३६ टक्के टेल्युरियम आणि उरलेले गंधक, असे हे खनिज. ताजा तुकडा पोलादी करडा चमकतो, पुढे काळवंडतो. नखाने ओरखडा उठतो, कागदावर घासले की करडी रेघ उमटते. त्याचे पापुद्रे सुटतात. ते वाकवले तर वाकतात, पण सोडल्यावर पुन्हा सरळ होत नाहीत. एवढे मऊ असूनही हाताला चांगलेच जड लागते, कारण घनता पाण्याच्या सातपट. टेल्युरियम, बिस्मथ, गंधक, बिस्मथ, टेल्युरियम असे अणूंचे पाच थर घट्ट जुळलेले असतात, मात्र अशा दोन गठ्ठ्यांमधला बंध अगदी कमकुवत असतो. पापुद्रे सुटतात ते तिथेच. १८३१ मध्ये हायडिंगर यांनी आजच्या स्लोव्हाकियातल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले.

ते सापडते मुख्यतः सोने असलेल्या क्वार्ट्झच्या शिरांमध्ये. बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसलाच वितळतो आणि खडकांतून वाहणाऱ्या उष्ण द्रावणातले सोने त्याचे वितळलेले थेंब स्वतःत ओढून घेतात. म्हणून सोन्याचा माग काढणारे भूवैज्ञानिक बिस्मथच्या खनिजांकडे बारीक लक्ष ठेवतात. टंगस्टनशीही बिस्मथची सोबत जुनीच.

आता आमच्या नागपूर-भंडारा भागातल्या खडकांच्या साकोली पट्ट्याकडे पाहा. पुलर-परसोडीला सोने, कुही-खोबन्याला टंगस्टन. दोन्ही ठिकाणी सरकारी खर्चाने सर्वेक्षण झाले आहे. टेट्राडायमाइट तिथे आहेच, असा माझा दावा नाही. पण बिस्मथचे हे दोन्ही सोबती जिथे आहेत, तिथे त्याला शोधायलाच हवे. त्याचे कण बारीक, नुसत्या डोळ्यांना गॅलेना (शिशाचे खनिज) किंवा मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनमचे खनिज) वाटावेत असे. नमुना घासून आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो, परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि बिस्मथ-टेल्युरियमच्या इतर भाऊबंद खनिजांपासून वेगळा ओळखायला इलेक्ट्रॉन प्रोब, म्हणजे बारीक कणातली मूलद्रव्ये मोजणारे यंत्र, लागते. प्रयोगशाळेला फक्त सोने विचारले, तर ती फक्त सोन्याचाच आकडा देते.

माझी खरी काळजी पुढची आहे. बिस्मथ जगात बहुतेक ठिकाणी शिसे, टंगस्टन अशा धातूंच्या खाणीतून जोडउत्पादन म्हणून निघतो. नुसत्या बिस्मथसाठी कोणी खाण उघडायला येणार नाही. सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या ब्लॉकचा लिलाव होताना अहवालात बिस्मथ-टेल्युरियमचा उल्लेखच नसेल, तर ते धातू हिशेबात न धरता खाणीच्या गाळात जातील. मग आयात कमी करण्यासाठी याद्या करून काय उपयोग?

म्हणून विनंती अशी, की या पट्ट्यातल्या जुन्या ड्रिलिंगचे कोअर (जमिनीतून काढलेले खडकाचे दंडगोल) बिस्मथ आणि टेल्युरियमसाठी पुन्हा तपासावेत आणि लिलावाआधीच्या प्रत्येक अहवालात हे आकडे बंधनकारक करावेत. कोअरच्या पेट्या जपाव्यात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यांवर काम करू द्यावे. डिसेंबर २०२३ पासून सर्वेक्षणाची माहिती पोर्टलवर मिळते, ही फार चांगली सोय आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली दगडच ठेवावा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक फर्मर यांनी आमच्याच बेलडोंगरीच्या मँगनीज खाणीतून व्रेडेनबर्गाइट हे मँगनीज-लोहाचे धातुक नोंदवले, तेही धातुक बारकाईने पाहिले म्हणूनच.

यासाठी नवी संस्था नको. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय इथे सिव्हिल लाइन्सला, त्यांची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा हिंगण्याला, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय सेमिनरी हिल्सला आणि विद्यापीठाचा भूविज्ञान विभागही याच शहरात. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनमधून या तपासणीला निधी द्यावा आणि तसे लेखी आदेश पुढच्या सर्वेक्षण हंगामाआधी निघावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
भूविज्ञानाचा एक शिक्षक, नागपूर