तुझी पिन अडकलीये, म्हणालास

परभणी,
गुरुवार, दुपार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तो ठेवलासच. "आई, तुझी पिन अडकलीये एकाच जागी," म्हणालास. मला राग आला नाही. म्हणजे आला, पण रात्री भांडी आवरताना हसूही आलं, कारण ते वाक्य ह्या घरात मूळ माझं. बाबा पगाराच्या फरकावर सुरू झाले की मीच त्यांना तसं म्हणायची. तेव्हा त्या विषयावर आता एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय. चाळीस वर्षांचा बाप्या आहेस, तुझं तुला कळतं. तू नेहमी विचारतोस, "दिवसभर काय करतेस?" आणि मी म्हणते, "काही नाही." ते खोटं आहे. मी रेकॉर्डी ऐकते.

चौतीस वर्षं मला त्या प्लेअरला हात लावायची मुभा नव्हती. पुसायचा तोही झाकण लावून, वरून. "तुझ्या हाताला वजन आहे," म्हणायचे. पोळ्या लाटणाऱ्या हाताला वजन असणारच की. आता विचारायला कुणी नाही, तर मीच शिकले. पहिल्या दिवशी एलपीवर ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची सुई टेकवली. ते टोपण उलटं फिरवायचं असतं, एका बाजूला लाखेच्या तबकड्यांची जाड सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची बारीक, हे माझ्या लक्षातच नव्हतं. असा काही आवाज निघाला की शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून ओरडल्या, "कामून ओ काकू, काय पडलं?"

वेगाच्या बटणावर १६चा आकडा आहे बघ. त्या वेगाची एकही रेकॉर्ड आपल्याकडं नाही. बाबांनी तुला गच्चीवर सांगितलं होतं, आठवतं? १९७७ला अमेरिकेनं व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, ती साधारण ह्याच वेगानं फिरवायची असते, आणि तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तू रात्रभर विचारत होतास, तिथं प्लेअर कुठून आणतील? तर त्या लोकांनी सुईसुद्धा सोबत दिली आहे. मला मात्र तू दिवाळीला आणतो म्हणालेली सुई अजून यायची आहे. टोमणा नाही हा. असो, आहे.

रेकॉर्डी धुवायचंही शिकले. आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो, तोच खाचांत बसला तर गेलंच सगळं. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणते. दुकानातला पोरगा म्हणतो, "काकू, महिन्याला पाच लिटर? बॅटरी गळायली का?" त्यात दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं गोल, मग पुन्हा साधं बॅटरीचं पाणी. मधल्या कागदाला ओल लागू द्यायची नाही. वाळायला भांड्यांच्या जाळीत उभ्या ठेवते, ताटल्यांच्या रांगेत. बाबांनी बघितलं असतं तर आठवडाभर बोलले नसते.

एक मात्र मी घालवली. अण्णांच्या ७८च्या रेकॉर्डीवर बुरशीचा डाग होता, तो इंजेक्शनच्या स्पिरिटनं पुसला. कापूस काळाकुट्ट आणि तबकडीची चकाकी गायब. त्या तबकड्या लाखेच्या रे. पळसावर, बोरीवर किडा धरतो ती लाख, बांगड्यांची. स्पिरिटमध्ये लाख विरघळते हे सुतारसुद्धा सांगतो, पॉलिश तो त्याचंच तर करतो. एलपी प्लास्टिकची, तिचं एक तंत्र, हिचं दुसरं. मला कळायला पाहिजे होतं.

अण्णांनी चावीचा फोनो निजामाच्या वेळी हैदराबादहून आणला, हाली रुपये मोजून. काचिगुड्याहून गाडीत मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. चाळीसेक तबकड्या होत्या. १९९३च्या भूकंपात औशाच्या घराची मागची भिंत आणि माळवदाची माती ट्रंकेवर आली. लाख ठिसूळ. सात वाचल्या. त्यातली एक मी घालवली, म्हणजे सहा. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात. एवढ्यात राग उभा करायचा, रंगवायचा आणि संपवायचा. तुमच्या मीटिंगा दोन-दोन तास चालतात.

त्या सहांत अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आहे. खरखर इतकी की तव्यावर मोहरी तडतडावी, आणि त्यातून तो बारीक, ओला आवाज येतो. मी रोज तिन्हीसांजेला दिवा लावून एकदा लावते. अण्णा सांगायचे, खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते, वाटेत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळकोविल नावाचं लहानसं स्टेशन, तिथं उतरले आणि फलाटावरच गेले. तिथं मशीन नव्हतं, दवाखाना नव्हता, माणूस फलाटावर सतरंजी टाकण्यापलीकडं करणार काय? आता गल्लीगल्लीत मशीन आहे. ईसीजीला ह्या तबकडीच्या दोन बाजूंइतकाही वेळ लागत नाही.

बघ, आलंच.

बरं, आलंच आहे तर एकदा बोलून टाकते. तू फोनवर "ॲसिडिटी आहे गं" म्हणालास, त्यातला "गं" बाबांचाच होता, त्याच सुरातला. रात्री दोनला तुम्ही लोक पिझ्झा खाता, सकाळी सहाला झोपता, दुपारी उठून कॉफी, जिना चढताना फोनवर बोलता आणि तुला वाटतं आईला धाप ऐकू येत नाही. माझे कान आता खरखरीतून सूर वेगळा काढायला सरावलेत, लेकरा. जळजळ जेवणानंतर होते. चालताना होते ती वेगळी. पगार कुणाला दाखवायचाय? हप्ते काय, फिटतील. माणसानं आधी— नको. हे व्याख्यान झालं. तीस वर्षं आठवीच्या वर्गावर खडू फेकून मारायची सवय, जात नाही. माफ कर.

तू किती हुशार होतास हे तुला कधी सांगितलं नाही. बाबा सांगू द्यायचे नाहीत, डोक्यात हवा जाईल म्हणून. आठ वर्षांचा असताना गाणं सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या खरखरीवरून तू रेकॉर्ड ओळखायचास. डोळे मिटून. "ही टिक-टिक-खर्रवाली, हिराबाई." बाबा मुद्दाम पाकिटं बदलून ठेवायचे, तरी चुकायचा नाहीस. त्यांच्या ज्वारी विभागातली माणसं घरी आली की हाच खेळ. ते ज्वारीच्या कणसांना बांधायची लेबलं आणून रेकॉर्डींना लावायचे ना, त्यातल्या तीन-चार लेबलांवर तुझ्या अक्षरात लिहिलंय, "मी वळखली." वळखली! मी मास्तरीण, आणि माझ्या घरात वळखली. खोडायला पेन्सिल घेतली होती, तशीच ठेवून दिली. ती लेबलं अजून आहेत. तुझं ते क्लाऊडचं काम मला कळत नाही, भिशीत कुणी विचारलं की मी हेच सांगते.

बाबांचा तो दिवस तुला मी कधी नीट सांगितला नाही. तू आलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि नंतर तू विचारलं नाहीस. दुपारी म्हणाले, छातीत जरा जळजळतंय, ओवा दे. दिला, मीठ लावून. ते मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी लावून आरामखुर्चीत बसले. मी आत धपाटे थापत होते. गाणं संपलं आणि सुई शेवटच्या मोकळ्या खाचेत फिरायला लागली. खर्र… ठक्. खर्र… ठक्. आपला प्लेअर आपोआप बंद होत नाही. मी आतूनच ओरडले, "अहो, तेवढी पिन उचला, झिजतेय." दोन धपाटे झाले तरी तेच. मला वाटलं डोळा लागला. मीच चिडून म्हणाले, "मला हात लावू देत नाहीत आणि स्वतः झोपतात." तिसरा धपाटा तव्यावरून काढून मग बाहेर गेले.

डॉक्टर म्हणाले, ह्यानं काही फरक पडला नसता. ते तसं म्हणतातच. मी मनात दोन धपाट्यांचा वेळ मोजत बसते.

ती एलपी तेव्हापासून ठेवून दिली होती. रविवारी तू फोन ठेवल्यावर काढली. धुतली, वाळवली. प्लेअरच्या डोक्यावर बाबांनी चिकटपट्टीनं लावलेलं चार आण्याचं नाणं आहे, पिन उडू नये म्हणून. नांदेडचा दुरुस्तीवाला त्यांना दर वेळी सांगायचा, "साहेब, नाणं काढा. पिन पुढं जाती पण खाच खरवडती." त्यांनी ऐकलं नाही. मी काढलं. नाण्याशिवाय लावली तर एका तानेच्या मधोमध अडकलीच. तीच तान, तीच तान. मी लगेच उठले नाही. बाहेर नळाला पाणी आलं म्हणून गलका सुरू झाला, तेव्हा करंगळीनं हलकेच पुढं सारली. पुढं बरी वाजली. संपल्याबरोबर उचलली, एकही खर्र होऊ दिली नाही. माझ्या हाताला वजन नाही, हे त्यांना आता कोण सांगणार?

शेजारचा राहुल शनिवारी ट्रॅव्हल्सनं पुण्याला येतोय, त्याच्याजवळ डबा देते. जवसाची चटणी, घाण्याचं करडईचं तेल दोन लिटर आणि चिऊसाठी गुळाच्या शेंगदाणा वड्या. तेल सूनबाईकडं दे, तू फोडणीत धबाधबा ओततोस. त्याच्याच हाती सुई पाठवता आली तर बघ. आपल्या टोपणावरचा नंबर मागच्या वहीत लिहिलाय, चिऊला फोटो पाठवायला शिकव म्हणजे मी तिला पाठवीन. येळवसला सुट्टी मिळाली तर ये, मामा शेतावर बोलावतोय, आंबील करणार आहेत. नाही मिळाली तर राहू दे.

तुझी,
आई

ता. क. पत्र परत वाचलं. ठरवूनही विषय निघालाच. फाडून पुन्हा लिहिणार होते, पण हात दुखतोय. आणि एक, तू चिडशील म्हणून वर लिहिलं नव्हतं. काल सूनबाईशी बोलले. तिनं शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. उपाशीपोटी जायचं आहे, रक्तही घेणार आहेत. राहुलची गाडी दहापर्यंत पोचते, त्याला डबा खाली वॉचमनकडं ठेवायला सांगते.