शोध टेबलापाशी सुरू होतो: एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पत्र मराठीत आहे, त्यामुळे फोनवर इंग्रजीत ते मीच तुम्हाला वाचून दाखवणार आहे. तरीही मला ते मराठीत आणि जाहीर लिहायचं होतं. मी कॅनडात ‘बर्फावर काहीतरी संशोधन’ करते, एवढंच माझ्या घरच्यांना आणि मैत्रिणींना ठाऊक आहे. खरं तर तिथे उत्तरेत बर्फावर हरवलेल्यांना गावचीच माणसं कशी शोधून आणतात, हा माझा विषय, आणि तुम्ही त्या शोधणाऱ्यांपैकी एक. ते काम कुणाच्या आधारावर उभं राहिलं, हे त्यांनाही कळायला हवं. तुमचं किंवा तुमच्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही. “शोधाला कुणी एकटं जात नाही, मग नाव एकट्याचं कशाला?” असं तुम्ही म्हणाला होता, ते लक्षात आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. नुनावुत हा कॅनडाचा उत्तरेकडचा प्रदेश, 1999 साली वेगळा झालेला. क्षेत्रफळ जवळपास 21 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त. गावं 25, आणि 2021 च्या जनगणनेप्रमाणे माणसं 37 हजारांच्या आत. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही. काकांचं गाव कितिकमेओत भागात आहे. कुग्लुक्टुक, केंब्रिज बे, जोआ हेवन, तालोयोआक आणि कुगारुक ही तिथली पाच गावं, त्यांतलंच एक. शिकार असो, मासेमारी असो की शेजारच्या गावचे नातेवाईक, हिवाळ्यात स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडी, आणि उन्हाळ्यात होडी. जमिनीवर जाणं, म्हणजे गावाबाहेर शिकारीला-मासेमारीला निघणं, हा तिथे छंद नाही, घरातलं जेवण त्यावर चालतं. म्हणून “धोका आहे तर जाऊ नका” हा सल्ला तिथे कुणाच्याही कामाचा नाही.

माणूस परतला नाही तर कागदावर जबाबदारी वाटून दिलेली आहे. जमिनीवरचा शोध प्रदेश सरकार आणि पोलिसांकडे, विमानांचा आणि समुद्रावरचा केंद्राकडे. या भागासाठीचं लष्कराचं समन्वय केंद्र ओंटारियोतल्या ट्रेंटनला आहे, केंब्रिज बेपासून तीन हजार किलोमीटरहून जास्त दूर. शोध-बचावासाठी चोवीस तास सज्ज असलेल्या लष्करी विमानांचे सगळे तळ दक्षिणेत आहेत. विमान निघेपर्यंत, पोचेपर्यंत आणि हवामान उघडेपर्यंत गावातली माणसं कितीतरी तास आधीच बर्फावर गेलेली असतात. दक्षिणेतून येणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, तुम्हीही कधी लेखलं नाहीत. ऑक्टोबर 2011 मध्ये नुनावुतमधल्याच इग्लूलिक गावाजवळ खवळलेल्या समुद्रात अडकलेल्या दोन शिकाऱ्यांसाठी तीन बचाव-तंत्रज्ञांनी विमानातून उड्या घेतल्या. त्यांतला एक परत आला नाही. त्याच्याबद्दल तुम्ही घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलला होता.

पहिले आभार तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचे. मी उपकरणांची यादी घेऊन आले होते: कुणाकडे उपग्रहावरून निरोप धाडणारा सॅटेलाइट मेसेंजर आहे, कुणाकडे संकटात ठिकाण कळवणारा लोकेटर बीकन, कुठे व्हीएचएफ रेडिओ पोचतो. तुम्ही ती यादी शांतपणे पुरी करून दिलीत आणि मग नकाशा पसरून शोध कसा सुरू होतो ते दाखवलंत. तुमचा पहिला प्रश्न ‘कुठे गेला?’ हा नसतो. कशाच्या शिकारीला गेला? पेट्रोल किती नेलं? गाडी कुणाची, आणि तिचा बेल्ट जुना की नवा? सोबत स्टोव्ह होता का? आणि त्याला जमीन शिकवली कुणी? हा शेवटचा प्रश्न मी कुठल्याच नियमावलीत वाचला नव्हता. ज्याने शिकवलं त्याची वाट, त्याचे थांबे, वादळात आडोसा घ्यायच्या त्याच्या जागा शिकणाऱ्याच्या अंगात उतरलेल्या असतात. बऱ्याचदा तुम्ही त्या शिकवणाऱ्यालाच फोन लावता, आणि नकाशावरचं भलंमोठं वर्तुळ आकसून दोन-तीन रेघांवर येतं. हे सगळं चाललेलं असताना काकू ओट्यापाशी बॅनॉक, म्हणजे तिथला पाव, तळत होत्या आणि थर्मास भरत होत्या. त्या दिवशी कुणी हरवलेलं नव्हतं, तरी हात सवयीने तेच करत होते.

दुसरे आभार बर्फावरच्या त्या सकाळचे. हार्पूनचा, म्हणजे शिकारीच्या भाल्याचा, दांडा मारून बर्फ कसा जोखायचा, एका ठोक्यात आरपार गेला तर पुढे पाऊल का टाकायचं नाही, हे तुम्ही माझ्या हातात हार्पून देऊन शिकवलंत. वाऱ्याने घडवलेल्या, निमुळत्या टोकांच्या कडक बर्फलाटाही तुम्ही दाखवल्यात. त्यांना उकालुराइत म्हणतात. त्या नेहमीच्या मुख्य वाऱ्याच्या दिशेत पडलेल्या असतात, म्हणून काळोखात किंवा धुरकट पांढऱ्या हवेत काहीच दिसत नसलं तरी त्यांना एकाच कोनात ओलांडत राहिलं की दिशा सुटत नाही. क्लॉडिओ अपोर्टा या अभ्यासकाने इग्लूलिकच्या जाणत्यांकडून ही विद्या नोंदवून घेतली आहे. जीपीएसमुळे काय मिळतं आणि काय निसटतं, तेही त्याने लिहिलंय. जीपीएस घराकडची सरळ रेघ दाखवतं, आणि ती रेघ पातळ बर्फावरूनही जाऊ शकते. ते वाचलेलं मला माहीत होतं. पण स्नोमोबिलखाली त्या लाटांचे हादरे एका ठरावीक लयीत बसायला लागले तेव्हा ते मला कळलं.

तिसरे आभार सगळ्यात मोठे आहेत, आणि ते कसे मांडावेत हे मला नीट उमगत नाही. तुम्ही दमलात, हे तुम्ही मला सांगितलंत. हे सांगणं सोपं नव्हतं. रेंजर्सचा, म्हणजे लष्कराच्या स्थानिक राखीव दलाचा, लाल स्वेटशर्ट तुमचाच, गावच्या शोधपथकातही तुम्हीच, आणि तटरक्षक सहायक दलाची होडी निघाली की तिच्यावरही तुम्हीच. गावागणिक हेच चित्र आहे: सगळ्या टोप्या त्याच मोजक्या माणसांच्या डोक्यावर. शोधाला पेट्रोल मिळतं, पण खडबडीत बर्फावर स्वतःच्या गाडीचा पाटा किंवा सस्पेन्शन मोडलं तर तो खर्च बहुतेक वेळा घरातून जातो. सुटे भाग दक्षिणेतून येतात आणि त्यांचे भाव तुम्ही मला दुकानात नेऊन दाखवलेत. शोध संपला की फॉर्म भरायचे तेही तुम्हीच. आणि कधीकधी ज्याला शोधून आणायचं तो भाचा असतो, शाळूसोबती असतो, आणि तो जिवंत मिळत नाही. त्यानंतर तुमच्याशी बोलायला कुणी येत नाही. सोमवारी कामावर जायचं असतं.

हे फक्त तुमचं गाऱ्हाणं नव्हतं. 2020 च्या सुरुवातीला केंब्रिज बेला कितिकमेओतच्या पाचही गावांतले शोध-स्वयंसेवक एकत्र बसले, त्या गोलमेज बैठकीचा अहवाल पीटर किकर्ट, व्हिटनी लॅकेनबाउअर आणि अंगुलालिक पेडरसन यांनी लिहिला. त्यातही हीच दमणूक आहे, हीच मोडलेली यंत्रं, मनावरचं हेच ओझं. तेव्हा मॅकगिल विद्यापीठात असलेल्या डिलन क्लार्क आणि जेम्स फोर्ड यांनी नुनावुतमधल्या शोधांच्या नोंदी हवामानाशी आणि बर्फाशी ताडून पाहिल्या. हवा आणि बर्फ यांचा हात आहेच. पण गाडी बंद पडणं, पेट्रोल संपणं, महागडी साधनं न परवडणं, जमिनीची शिकवण तुटणं यांचाही आहे. हवामानबदलाची बातमी लगेच छापून येते, बेल्टच्या किमतीची कुणी छापत नाही. माझ्या मते संशोधनाने आता दुसऱ्या बातमीमागे लागायला हवं.

उपकरणांनाही मी नाव ठेवणार नाही. पूर्व कॅनडातल्या लाब्राडोरमधल्या नाइन गावात 2009-10 च्या विचित्र उबदार हिवाळ्यानंतर सुरू झालेलं स्मार्टआइसचं काम मला मनापासून आवडतं. स्नोमोबिलमागे ओढल्या जाणाऱ्या घसरगाडीवर बर्फाची जाडी मोजणारा सेन्सर, तो ओढणारा गावातलाच माणूस, आणि कुठली वाट मोजायची हे ठरवणारेही गावातलेच. यंत्र तिथल्या माणसाच्या हाती आणि त्याच्या शब्दाखाली राहिलं की ते उपयोगी पडतं, हे तिथे दिसतं.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तुमच्या त्या टेबलावरून आलं आहे. मी त्यात सरळ म्हटलंय की प्रत्येक गावात सार्वजनिक सुरक्षेसाठी एक पगारी, स्थानिक माणूस हवा. शोधाची तयारी, साधनांची देखभाल, कागदपत्रं, पोरांना जमिनीवर नेऊन शिकवणं, हे त्याचं रोजचं काम असावं. अलास्कात खेड्यांसाठी असे अधिकारी 1970 च्या दशकाच्या शेवटापासून आहेत, आणि नुनावुतसाठीही अभ्यासकांनी हा पर्याय मांडला आहे. स्वयंसेवक राहतीलच, तुम्ही लोक थांबणार नाही हे मला माहीत आहे. पण तुमच्या चांगुलपणावर सरकारी खर्च वाचवला जातोय, आणि हे वाक्य मी गाळणार नाही, कुणी गाळायला सांगितलं तरी.

प्रकरण तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय विद्यापीठात जमा करणार नाही, हे ठरल्याप्रमाणेच. छापील प्रत मालवाहू विमानाने पाठवली आहे, अक्षरं मोठी ठेवली आहेत. तुम्ही खुणा केलेल्या नकाशाच्या प्रतीही त्यातच आहेत, एक तुमच्यासाठी आणि एक शाळेसाठी. मूळ नकाशा तुमच्याचकडे राहू दे. थांबे आणि आडोशाच्या जागा मी प्रबंधात छापलेल्या नाहीत. त्या कुणाला दाखवायच्या ते तुमच्या समितीने ठरवायचं. जिथे माझं म्हणणं पटणार नाही तिथे लाल पेनाने लिहा. मार्चअखेरपर्यंत वेळ आहे, शिकारीचे दिवस त्यासाठी घालवू नका.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी दिलेले कातडी हातमोजे इथे दक्षिणेतही रोज घालते.

तुमची,
वह्या घेऊन आलेली मराठी मुलगी