अण्णांचा तांब्या

लालबाग,
रविवार, रात्र

प्रिय विन्या,

काल फोनवर धड बोलता आलं नाही. मी चाळीच्या गॅलरीत, आणि अख्ख्या मजल्याचे कान माझ्याकडे. म्हणून लिहितोय.

संध्याकाळी तुमच्याकडे गेलो होतो. अण्णांचं ताट-वाटी वेगळी ठेवलेली आणि तांब्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला, चुकून कुणी उचलू नये म्हणून. त्यांच्या जठराच्या कॅन्सरच्या बायोप्सी रिपोर्टात ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलंय ना! कोविडपासून ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की माणसं आधी भांडी वेगळी करतात. काकूंवर रागावू नकोस, शेजारपाजाऱ्यांनीच घाबरवलंय त्यांना.

मी काही डॉक्टर नाही, लॅबमध्ये स्लाइडी रंगवणारा माणूस. पण ही तपासणी माझ्या हातची आहे. ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू, 1964 साली सापडलेला. तो लाळेतून पसरतो हे खरं, पण मोठ्या माणसांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांच्या अंगात तो आधीच असतो. तुझ्या, माझ्या, दोरा बांधायला सांगणाऱ्या बाईंच्यासुद्धा! बहुतेक लहानपणीच येतो, साध्या तापासारखा, आणि मग रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जन्मभर गुपचूप पडून राहतो. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मग वेगळ्या तांब्याने अडवायचं काय?

जठराच्या दर दहा-अकरा कॅन्सरांत साधारण एकात हा विषाणू सापडतो. आमच्या स्लाइडवर गाठीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीचं केंद्रक गडद होतं, म्हणजे तिथे विषाणू आहे; शेजारचं जठराचं निरोगी अस्तर कोरं. गाठीतल्या सगळ्या पेशींत एकाच विषाणूची पिल्लावळ असते, म्हणजे तो गाठ वाढायला लागण्याआधीच आत शिरलेला असतो, नंतर आलेला पाहुणा नव्हे. तिथे पेशीच्या डीएनएवर मिथाइल नावाच्या रसायनाची बारीक बारीक कुलपं लागतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी काही जनुकंच बंद पडतात. एकटा विषाणू पुरत नाही, नाहीतर अख्खी मुंबई रांगेत असती. एकूण जठराच्या कॅन्सरात सगळ्यात मोठा वाटा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचा. शिवाय तंबाखू, खारवलेलं अन्न. (अण्णांची तपकीर आणि सुकट मी मोजत बसत नाही.)

एक बरी गोष्ट. या प्रकारच्या गाठीत प्रतिकारपेशींची गर्दी असते आणि गाठ पीडी-एल1 नावाचं प्रथिन पुढे करून त्यांना थोपवते. ती आडकाठी मोडणारी इम्युनोथेरपी काही रुग्णांना चांगली लागू पडते. अण्णांना चालेल का, ते त्यांचे डॉक्टरच सांगतील. तू विचार मात्र नक्की.

आणि हेलिकोबॅक्टरची तपासणी तू आणि काकूंनी करायची का, तेही विचार. तो घरातल्या घरात पसरू शकतो, आणि गोळ्यांनी जातो.

केमो सुरू झाली की हात धुणं, मास्क पाळायचंच, पण ते अण्णांना आपल्यापासून जपायला. हे काकूंना तूच सांग, माझं ऐकून नुसत्या मान हलवतात. निघालो तेव्हा अण्णा दोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “माझा तांब्या नवसाला बसवलाय रे.”

गुरुवारी सकाळच्या गाडीने ये. दादरला पुलाखाली उभा राहीन. बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक हॉस्पिटलातून मागून घ्यायचाय, सही घरच्यांचीच लागते.

तुझा,
बाळ्या