ईराच्या दाढांविषयी आई-बाबांना पत्र

बडोदे

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

ईराची दाढ किडलेली नसताना तिच्यावर खाचा बुजवणारा लेप कशाला, असे बाबांनी परवा फोनवर विचारले, त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हे पत्र.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी पहिली कायमची दाढ येते, तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजून पुष्कळ घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्या चावण्याच्या पृष्ठभागावरील खाचा काही ठिकाणी ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. त्यांतल्या कित्येक सुरईसारख्या, तोंडाशी निमुळत्या आणि आत रुंद असतात. तिथे अडकलेल्या गोडापासून जंतू आम्ल तयार करतात आणि वरून दाढ धड दिसत असतानाही कीड आत उतरते. कितीही मन लावून दात घासले तरी ब्रश तिथवर पोहोचतच नाही, म्हणून मला हा लेप आवश्यक वाटतो.

बाबा, ही नवी टूम नव्हे. आम्लाने इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण कवच, किंचित खरखरीत केले की त्यावर राळ (रेझिन) घट्ट धरते, हे अमेरिकेतील दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ सालीच दाखवले होते. ईराची दाढ स्वच्छ करून, काही सेकंद आम्लाचे जेल लावून, धुऊन, पूर्ण कोरडी करून डॉक्टरांनी पातळ राळ खाचांत सोडली आणि निळ्या प्रकाशाने ती कडक केली. इंजेक्शन नाही, कोरणे नाही. दाढ कोरडी राहणे मात्र फार महत्त्वाचे. लाळ लागली तर लेप टिकत नाही.

उजवीकडची खालची दाढ अजून अर्धीच वर आली असल्यामुळे तिला लेप लावलेला नाही. आई, नाताळच्या सुट्टीत ईरा ग्वाल्हेरला येईल तेव्हा रात्री तिचे दात तूच घासून दे. ती दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली असल्याने ब्रश वरून निघून जातो, तेव्हा गाल जरा बाजूला करून तो आडवा घालावा लागतो. फ्लोराइडची पेस्ट मात्र हवीच, कारण दातांच्या बाजू आणि फटी लेपाने झाकल्या जात नाहीत; वाटाण्याएवढी पुरे. तिळगुळाची गजक तिला अवश्य द्या, पण जेवणाबरोबर एकदाच. दिवसभर थोडी थोडी खाल्ली तर लाळेला आम्ल निवळायला उसंतच मिळत नाही.

लेपाचा तुकडा निघालेला दिसला तर घाबरू नका, मला कळवा. तो पुन्हा लावता येतो.

तुमची,
मेधा