करंगळीत मुंग्या येतात का, आई?

कोइमतूर, रविवार

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही हिशेब मांडलात : एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची ३, प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएचची ३, आणि आता ही हाताच्या सर्जरीची फेलोशिप कसली? तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं, म्हणून फोन ठेवला.

प्लास्टिक सर्जरी शिकताना हात हा अनेक विषयांतला एक होता. इथे दिवसरात्र तोच. गुरुवारी रात्री एका कामगाराचा अंगठा आला, पूर्ण तुटलेला. सोबत्याने तो ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बांधून, मग ती पिशवी बर्फात ठेवून आणली होती. थेट बर्फात टाकला असता तर पेशी गोठून खराब झाल्या असत्या. मागावरच्या पोरांना हे सांगून ठेवा.

रक्तवाहिनी जेमतेम १ मिलिमीटरची. दोरा केसाच्या निम्म्याहून बारीक. मायक्रोस्कोपवरून नजर हलली की दिसतच नाही. हिरव्या कापडावर पडला तर गेलाच. तुम्ही वहिफणी करताना, मागाच्या फणीतून एकेक धागा ओवताना, आम्हाला खोलीत बोलू द्यायचा नाहीत, ते आठवलं. असा अंगठा जगात पहिल्यांदा जोडला १९६५ मध्ये, जपानमध्ये, कोमात्सु आणि तामाई यांनी. तुम्ही तेव्हा शाळेत असाल.

पण माझं खरं शिक्षण चाललंय ते टाके घातल्यानंतरचं. बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शिवली आणि बोट हलवलंच नाही, तर ती आजूबाजूला चिकटते. जोर लावला तर तुटते. किती हलवायचं, हे आमची थेरपिस्ट रोज पेशंटजवळ बसून शिकवते. नाव मात्र सर्जनचं होतं. मला ते पटत नाही.

आता आई, तुझं. रात्री हात झाडत उठतेस, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात म्हणतेस. करंगळीत येतात का, नीट बघ. नसतील, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता जास्त. तेल चोळून ती सुटणार नाही. अंगठ्याच्या बुडाचं मांस एकदा झडलं की ऑपरेशन करूनही पूर्ण भरेलच असं नाही. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांध.

कोल्हापूरला जाऊन नसांची तपासणी करून घ्या. बाबा, तिला एकटीला पाठवू नका. स्टँडवरूनच भाजी घेऊन परत येईल.

तुमची,
मनू